वाळुंजाच्या झुडपांत

१९३८ चा ऑक्टोबर. जपानने सात वर्षांपूर्वी गिळलेल्या मंचुरियात, उसिहुन नदीच्या काठी जपानविरोधी सेनेची एक तुकडी मुक्कामाला उतरली. महिनोन्‌महिने पाठलाग चुकवत, अर्धपोटी चालून आलेली माणसं. रात्री गारठा पडला म्हणून शेकोट्या पेटवल्या, आणि त्याच उजेडाने शत्रूला माग लागला.

तुकडीत आठ जणी होत्या. त्यांची म्होरकी लेंग युन, वय २३, मूळची प्राथमिक शाळेतली शिक्षिका. नवरा लढाईत गेला होता. दोन महिन्यांची लेक एका कोरियन कुटुंबाच्या ओटीत घालून ती पुन्हा रानात परतली होती. दोघी कोरियन होत्या, त्यांतली एक सैन्याचे कपडे शिवणाऱ्या कारखान्याची प्रमुख. सर्वांत धाकटी वांग हुइमिन, अवघी १३ वर्षांची. आपल्याकडे त्या वयाची पोर सातवी-आठवीत असते.

पहाटे या आठ जणींनी आधी नदी ओलांडायची असं ठरलं होतं. पाण्याला ओढ फार, म्हणून उतार शोधायला एक जण पुढे गेला, तेवढ्यात गोळीबार सुरू झाला. जपान्यांचा सगळा रोख मुख्य तुकडीवर होता. काठावरच्या वाळुंजाच्या झुडपांत दडलेल्या या मुली कोणाला दिसल्याच नव्हत्या. श्वास रोखून पडून राहिल्या असत्या, तर कदाचित वाचल्याही असत्या. त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी शत्रूच्या पाठीवर गोळ्या झाडल्या.

जपानी वळले आणि तेवढ्या अवधीत मुख्य तुकडीने वेढा फोडला. मुली मागे राहिल्या हे कळल्यावर सोबती परत फिरले, पण त्यांना जवळ येता येईना. आमच्यासाठी थांबू नका, निघा, असं या मुलीच ओरडून सांगत होत्या म्हणतात. गोळ्या संपल्या. शरण येण्याचे पुकारे झाले. तेव्हा जखमी मैत्रिणींना आधार देत त्या आठही जणी नदीत उतरल्या आणि वाहून गेल्या.

चीनमध्ये या कथेचं नावच ‘नदीत उडी घेणाऱ्या आठ जणी’ असं आहे. मला मात्र तिचा गाभा झुडपांतल्या त्या क्षणात दिसतो. नदीपाशी दुसरी वाट उरली नव्हती, झुडपांत होती.

वाचलेल्या सोबत्यांमुळेच ही हकीकत सेनानी झोउ बाओझोंग यांच्यापर्यंत पोहोचली. या मुलींचं स्मारक व्हावं, असं त्यांनी त्याच नोव्हेंबरात रोजनिशीत लिहिलं. मुदानच्यांग शहरात ते १९८८ मध्ये उभं राहिलं.