चार रकाने आणि एक बेरीज

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना पालकांना घरच्या भाषेबद्दल दोन-चार प्रश्नांचा अर्ज भरावा लागतो. उत्तरात स्पॅनिश, अरबी किंवा मराठी असं काही आलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. तीत ते कमी पडलं तर ‘इंग्रजी शिकणारा विद्यार्थी’ अशी त्याची नोंद होते. अशी पन्नास लाखांच्या आसपास मुलं तिथल्या सरकारी शाळांत आहेत. ही नोंद निघेपर्यंत दरवर्षी त्यांचं श्रवण, संभाषण, वाचन आणि लेखन तपासलं जातं. कायद्याचंच तसं बंधन आहे.

माहिती गोळा होते, यात शंका नाही. तिचा उपयोग कोणाला होतो, हे मात्र विचारायला हवं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाशी जोडलेल्या ‘वीडा’ या संस्थेची ‘ॲक्सेस’ ही चाचणी अनेक राज्यांत घेतात. तिच्या एकूण गुणांकात गेली अनेक वर्षं वाचन आणि लेखनाला प्रत्येकी 35 टक्के, तर श्रवण आणि संभाषणाला प्रत्येकी 15 टक्के वजन आहे. मुलाची जादा मदत कधी थांबवायची, हे ठरवताना हाच आकडा मुख्यतः पाहिला जातो. कार्यालयाचं काम त्याने भागतं, शिक्षकाचं भागत नाही. समजा, पुण्याच्या इंग्रजी माध्यमातून नुकतीच गेलेली एक मुलगी आहे. ती धडा नीट वाचते, पण वर्गात तोंड उघडत नाही. तिच्या शेजारी अमेरिकेतच जन्मलेला, घरी स्पॅनिश बोलणारा मुलगा बसतो. तो घडाघडा इंग्रजी बोलतो, पण विज्ञानाचा एक परिच्छेद लिहायचा म्हटला की अडतो. दोघांची बेरीज जवळपास सारखी येऊ शकते. मदत मात्र अगदी वेगवेगळी लागेल.

यातला दुसरा मुलगा नजरेतून सहज निसटतो. अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या पुढच्या अभ्यासातून दिसलं. अस्खलित बोलणाऱ्या मुलाला आणखी शिकवायचं ते काय, असं शिक्षकाला वाटणं म्हणूनच स्वाभाविक आहे. लेखनाचा सुटा रकानाच त्याचा हा समज खोडून काढू शकतो.

पण तो रकाना पोचतो केव्हा? चाचणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात होते आणि निकाल वर्ष सरताना येतो. मुलाला ओळखणाऱ्या बाईंचा वर्ग तोवर संपत आलेला असतो. पुढच्या वर्गाच्या गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांना अनेकदा तो दाखवलाही जात नाही, कारण ‘इंग्रजीचं काम’ वेगळ्या शिक्षकाकडे सोपवलेलं असतं. मुलाचा बहुतेक दिवस तर यांच्याच तासांना जातो. गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचनात अडतंय की गणितात, हे त्यांना त्या रकान्यावरून ताडता येईल.

1981 मध्ये ‘कास्टान्येदा विरुद्ध पिकार्ड’ या टेक्सासच्या खटल्यात अपील न्यायालयाने शाळांसाठी तीन कसोट्या घालून दिल्या: या मुलांसाठीच्या कार्यक्रमामागे भक्कम विचार हवा, तो अंमलात आणायला पुरेशी साधनं हवीत, आणि पुरेसा अवधी दिल्यावर मुलांची अडचण दूर होत असल्याचं निकालांतून दिसायला हवं. तिसरी कसोटी मुलावर नव्हे, शाळेवर लावलेली आहे. एका मुलाचं लेखन अडलं तर त्याच्याकडे लक्ष द्यावं. पण एकाच शाळेतल्या मुलांचं लेखन दरवर्षी त्याच पातळीवर थांबत असेल, तर शिकवण्याची पद्धत तपासावी लागेल. आकडे पाहून जिथे वेळापत्रक, गट किंवा शिक्षकांचं प्रशिक्षण यांतलं काहीच बदलत नाही, तिथे मुलांचे दरवर्षी चाचणीत जाणारे तास कशासाठी घेतले, याचं उत्तर शाळेनेच द्यायला हवं.