मासळीच्या पोटातला जंत आणि आपले मन



आपल्या बेने इस्राएल समाजाची ओळख मासळीवरून पटली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दावीद रहाबी कोकणात आले, त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्या बायांनी पंख व खवले असलेली तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. ग्रंथ जवळ नव्हते, पण हातांना धर्म ठाऊक होता. मात्र ती परीक्षा बाहेरून दिसणाऱ्या खुणांची होती. मासळीच्या आत काय आहे, हा प्रश्न आता आपल्या ताटापर्यंत आला आहे.

कॉड, हेरिंग आणि समुद्रात पकडलेला सामन यांच्या आतड्याभोवती पांढरट, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे, वेटोळे घातलेले जंत आढळतात. त्यांना अनिसाकिस म्हणतात. व्हेल, डॉल्फिन अशा प्राण्यांच्या जठरात हे जंत मोठे होतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. अळ्या आधी कोळंबीसारख्या बारीक जिवांत जातात आणि ते जीव खाणाऱ्या मासळीच्या पोटात पोहोचतात. तेथून आतडे भेदून काही अळ्या मांसात शिरतात. १९६० साली हॉलंडमध्ये कमी मिठातली कच्ची हेरिंग खाणाऱ्यांच्या पोटात हा जंत सापडला. १९६८ पासून तेथे अशी हेरिंग आधी गोठविणे सक्तीचे झाले. मासळी आतपर्यंत नीट शिजवली, किंवा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवली, की जंत मरतो. शरीराचा प्रश्न असा बहुतेक सुटतो. मनाचा सुटत नाही.

तोरेने सरपटणारे जीव खाण्यास मनाई केली आहे. तलमूदाच्या हुलीन भागात रब्बींनी या बाबतीत भेद केला. मासळीच्या मांसातला किडा तेथेच उपजला, म्हणून तो चालतो; पोटातला बाहेरून आला असेल, म्हणून तो वर्ज्य. त्स्फात येथे राहिलेल्या रब्बी योसेफ कारो यांच्या, १५६५ साली छापलेल्या शुल्हान आरूख ग्रंथातही हाच नियम आहे. आता शास्त्र सांगते की मांसातला जंतही बाहेरूनच आलेला आहे. मग परवानगीचा पायाच गेला काय? २०१० च्या सुमारास यावरून रब्बींमध्ये मोठा वाद झाला. काहींनी मनाई केली. अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियनने परवानगी कायम ठेवली.

हा पेच नवा नाही. अठराव्या शतकात इटलीतील फेरारा येथे रब्बी इसहाक लाम्प्रोंती यांनी उवांबद्दल हेच विचारले होते. ऊ आपोआप उपजते, हे मत खोटे ठरले, तर शब्बाथच्या दिवशी ती मारण्याची सूट राहते काय? त्यांचे गुरू रब्बी यहूदा ब्रिएल यांचे मत असे की, परंपरेने आलेला नियम नव्या शोधामुळे हलवू नये.

आमच्या परिचयाच्या एका घरी हा वाद शब्बाथच्या रात्री शिरला. मावशीने केलेले मासळीचे कालवण भाच्याने न खाता बाजूला सारले. मावशी म्हणाल्या, "अरे, मग माझी आई, माझी आजी, सगळ्या तरेफच खात आल्या काय?"

त्या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. आमच्या मते ते 'नाही' असे आहे. मनुष्याच्या डोळ्यांना आणि हातांना जे कळत नव्हते, त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. शिवाय आपल्या आज्या मासळी ताजी घेत, विळीवर बसून तिचे पोट लागलीच साफ करीत, आणि नजरेस पडेल ते काढून टाकीत. आपण कारखान्यातून आलेली कापलेली मासळी पुडक्यावरचा शिक्का पाहून घेतो. ज्ञान वाढले, पण पाहण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपविले.

न दिसणे वेगळे आणि डोळे मिटणे वेगळे. पहिल्यात दोष नाही, दुसऱ्यात आहे. ज्याला ठाऊक झाले त्याने मासळीचा तुकडा उजेडात धरून पाहावा, दिसलेला जंत काढावा, आणि खावे की नाही हे आपल्या रब्बींना विचारावे. मात्र मिळालेल्या ज्ञानाने आधी आपले ताट तपासावे, मावशीचे नव्हे. भाच्याला खायचे नसेल तर त्याने खाऊ नये. पण कालवण दूर सारण्यापूर्वी दोन गोड शब्द बोलावे, आणि पुढच्या शुक्रवारी मासळी साफ करायला मावशीच्या शेजारी बसावे.