तुमचं काम चालू द्या, मावशी

दिवाळीच्या सुमारास हिंगणघाटच्या शिवारात कापसाची वेचणी भरात येते. पहिल्या वेचणीआधी सीतादहीची पूजा होते आणि मग कमरेला ओटी बांधून बाया तासं धरून पुढे सरकतात. बोटं बोंडातून कापूस ओढतात तोवर डोळे पुढच्या झाडावर पोचलेले असतात. शेजारणीशी गप्पा चालूच. एवढ्यात धुऱ्यावरून कोणी कॅमेरा रोखला की सगळं थांबतं. पदर सारखा होतो, हात खाली येतात, चेहरा ताठ होतो. एखादा म्हातारा शेतकरी असेल तर सदऱ्याची वरची गुंडी लावतो.

ज्या पिढीचे आयुष्यात दोन-चारच फोटो निघाले, तिच्यासाठी असं ताठ उभं राहणं म्हणजे समोरच्याला आणि स्वतःलाही दिलेला मान आहे. पण बोटांची लय, बोलता बोलता वळलेली मान, जे टिपायचं होतं ते तेवढ्यात निघून जातं. यावर बरेच जण चोरटा उपाय शोधतात: लांबून झूम लावायचा, माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही. हा उपाय चूक आहे. याहून चांगली वाट हिंगणघाटपासून चाळीसेक किलोमीटरवर, याच वर्धा जिल्ह्यात, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी सापडली होती.

कनु गांधी हे महात्मा गांधींच्या पुतण्याचे चिरंजीव. विशीत गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात आले आणि कार्यालयातला पत्रव्यवहार, हिशेब सांभाळू लागले. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्यांना फोटोग्राफीकडे वळवलं. उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. कोणाला पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या कामासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही.

या अटींनी कनुंची कला घडवली. फ्लॅश नाही, म्हणून कुटीच्या ठेंगण्या छपराखाली दारातून जेवढा उजेड येईल तेवढाच. त्या काळची मंद फिल्म आणि हलता माणूस, म्हणजे चित्र धूसर होण्याची भीती कायमची. पोझ नाही, म्हणून वाट पाहणं आलं. रोलिफ्लेक्सची एक सोय इथे कामी येते. तो डोळ्याला लावावा लागत नाही. छातीशी किंवा पोटाशी धरून मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. समोरच्याला कोणी रोखून बघतंय असं वाटत नाही. पण यंत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कनु तिथलेच होते. रोज पत्रं हाताळणारा, हिशेब लिहिणारा पोरगा. त्याच्या हातात कॅमेरा आहे की टपाल, याकडे कोण बघतो?

म्हणून त्यांच्या फोटोंत सेवाग्रामच्या कार्यालयात टेलिफोन कानाला लावलेले गांधीजी दिसतात. उन्हापासून बचाव म्हणून डोक्यावर उशी घेतलेले दिसतात. मुंबईच्या बिर्ला हाऊसमध्ये, १९४५ साली, वजनकाट्यावर उभे दिसतात. पुतळ्यांमधला, नोटांवरचा गांधी पाहून सरावलेल्या डोळ्यांना हा उशीवाला म्हातारा एकदम घरातला वाटतो.

आणि जे फोटो निघाले नाहीत, तेही मोलाचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटचे श्वास घेत होत्या, तेव्हा गांधीजींनी कनुंना फोटो काढू दिला नाही. ज्याला सगळीकडे वावर होता, त्यालाही ‘इथे नाही’ हे ऐकावं लागलं आणि त्याने ते ऐकलं. मोबाइल हातात घेऊन अंत्ययात्रेत शिरणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

चित्र न निघण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती हिंगणघाटच्या मातीतच दिसते. भारताची त्रिकोणमितीय मोजणी करणारे विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी या गावी वारले. त्यांची कबर इथेच आहे. आदल्याच वर्षी विल्यम हॅवेल या चित्रकाराने त्यांचं व्यक्तिचित्र रंगवलं, म्हणून लॅम्ब्टन दिसायचे कसे हे आज सांगता येतं. थिओडोलाइट हे कोन मोजायचं अर्धा टन वजनाचं यंत्र त्यांच्यासाठी रानावनातून वाहून नेणाऱ्या खलाशांचे चेहरे मात्र कोणी काढले नाहीत. पुढे सरकारी कॅमेरा सामान्य माणसाकडे वळला, तोही १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांसाठी. त्यात माणूस जमातीचा नमुना म्हणून उभा केला होता. हिंगणघाटच्या कापसाचं नाव त्याच शतकात इंग्लंडच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होतं. वेचणारीचं नाव कुठे नव्हतं.

ही उणीव भरून काढणारे आपल्याकडे झाले. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईच्या वृत्तपत्रांत काम करता करता महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे गेले; कचऱ्याच्या ढिगांत, गटारांत आणि त्यांच्या घरांतही. ते एका दुपारचं काम नव्हतं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांची खरी कमाई त्या फोटोंतल्या नजरेत आहे. तिथे माणूस बिचारा दिसत नाही.

हिंगणघाटला असा कॅमेरा हवा आहे, आणि तो बाहेरून यायची गरज नाही. बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागते, लिलावाआधी शेतकरी कापसावरच डुलकी काढतो, हमाल खांद्यावरचं फडकं झटकून चहा पितो, जिनिंगमधून निघणाऱ्याच्या भुवयांवर कापसाचे तंतू असतात. गावातल्या पोरापोरींनी पहिले आठ दिवस तिथे मोबाइल खिशात ठेवून नुसतं जावं. नावं विचारावीत. मग परवानगी मागावी आणि सांगावं, ‘तुमचं काम चालू द्या, मावशी.’ नको म्हणाली तर फोटो राहू द्यावा. काढला तर त्याची कागदावरची प्रत नेऊन तिच्या हातात द्यावी. दिवाळीनंतरही वेचणी दोन-तीन महिने चालते.