तुटवड्याचे इंग्रजी शब्द

एखादी वस्तू कमी पडल्याचे सांगणाऱ्या इंग्रजी शब्दप्रयोगांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेक परस्परांचे पर्याय नसतात. ‘रन लो’ म्हणजे साठा उतरणीला लागला आहे पण अजून भागते आहे. ‘रन शॉर्ट’ म्हणजे आता पुरत नाही. ‘रन आऊट’ म्हणजे संपले. ‘इन शॉर्ट सप्लाय’ या प्रयोगात मागणी गृहीत धरलेली असते, कारण जी वस्तू कोणालाच नको ती कितीही थोडी असली तरी तिच्याविषयी हा प्रयोग होत नाही. ‘कट ऑफ’मध्ये वस्तू संपलेली नसते, ती आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट कोणीतरी किंवा कशानेतरी तोडलेली असते. मराठी भाषक बोलताना आणि लिहिताना हे सारे प्रयोग बहुधा ‘शॉर्टेज’ या एकाच शब्दात कोंबतात, आणि परक्या भाषेतून शब्द घेऊनही त्या भाषेने केलेला भेद मात्र सीमेवरच सोडून देतात. स्वतः मराठीत भेदांची वाण नाही: तुटवडा, टंचाई, चणचण, वानवा, कपात, खंड हे शब्द आहेतच, शिवाय ‘पुरेना’ या एका क्रियापदात ‘रन शॉर्ट’चा सगळा आशय मावतो. त्यामुळे इंग्रजी शब्द वापरावा की नाही हा वाद येथे दुय्यम ठरतो. काय कमी झाले, किती कमी झाले, कोणाच्या निर्णयाने आणि कोणाच्या वाट्याचे, या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना एखादा शब्द उत्तर देतो, हीच त्याच्या स्पष्टपणाची खरी कसोटी होय. आणि या कसोटीवर इंग्रजी शब्द कधी मराठी शब्दाहून सरस ठरतो, तर कधी तोच लपण्याची जागा होतो.

लपण्याच्या जागेचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण 1963 सालचे आहे. त्या वर्षी राज्यात असा कायदा झाला की ज्याच्या इंग्रजी नावातच ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा उल्लेख होता. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाययोजना सुरू होते, म्हणून आता ‘फॅमिन’ उद्भवण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. यास्तव राज्यातील कायद्यांतून तो शब्द काढून त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घालण्यात आला. पुढच्या दशकाच्या आरंभी, 1972 मध्ये, राज्याने जे भोगले त्याला खेड्यापाड्यांत सर्वांनी दुष्काळच म्हटले, आणि आजही वृद्ध माणसे वय सांगताना त्या दुष्काळाचा हवाला देतात. अन्नाअभावी मोठ्या प्रमाणावर माणसे मरणे या अर्थानेच ‘फॅमिन’ हा शब्द घेतला, तर त्या वर्षी सुरू झालेल्या रोजगाराच्या कामांनी ती वेळ बऱ्याच अंशी टाळली, हे मान्य करावे लागते, आणि तेवढ्यापुरती 1963 ची भाषा खोटी ठरत नाही. आक्षेपाची जागा वेगळी आहे. ‘फॅमिन’ हा शब्द उच्चारला की वसाहतकाळातील दुष्काळसंहितेपासून चालत आलेली शासनाची जबाबदारीही उच्चारली जात असे. ‘स्कॅर्सिटी’ या शब्दाला तसे वजन नव्हते, आणि शब्द बदलल्याने धान्याचा एक कणही वाढला नव्हता.

या प्रकरणातील गुंतागुंत अशी की मराठीतील ‘दुष्काळ’ हा शब्द इंग्रजीतील कोणत्याही एका शब्दावर नेमका बसत नाही. पाऊस न पडणे म्हणजे ‘ड्राउट’, ज्याला शास्त्रीय मराठीत अवर्षण म्हणतात. वस्तू दुर्मीळ होणे म्हणजे ‘स्कॅर्सिटी’. उपासमारीने माणसे मरणे म्हणजे ‘फॅमिन’. ‘दुष्काळ’ हा वाईट काळ असल्याने तो या तिन्हींना पोटात घेतो, इतकेच नव्हे तर अतिवृष्टीने पीक गेले तर त्याला ‘ओला दुष्काळ’ म्हणण्याचीही सोय करतो, कारण त्याचे लक्ष आभाळाकडे नसून हाती काय आले याकडे असते. ‘दुर्भिक्ष’ हा जुना शब्द तर आणखी पुढे जातो: ज्या काळात भिक्षासुद्धा मिळणे कठीण होते तो काळ, म्हणजे येथे शब्दच मुळी साठ्याविषयी न बोलता मिळण्याविषयी बोलतो. याउलट भारतीय हवामान विभागाने 2016 मध्ये देशव्यापी पावसाच्या वर्णनातून ‘ड्राउट’ हा शब्द काढून ‘डेफिशिअंट’, म्हणजे सरासरीपेक्षा तुटीचा, असा शब्द स्वीकारला. ज्या खात्याचे काम पाऊस मोजणे आहे त्याने फक्त मापाची भाषा बोलावी, यात गैर काही नाही, किंबहुना तो शब्द अधिक प्रामाणिक म्हणता येईल. मात्र पावसाची तूट टक्क्यांत सांगणारा हा शब्द शेतकऱ्याच्या तुटीविषयी काहीही सांगत नाही, आणि एकीचा आकडा दुसरीसाठी वापरला की मग दुष्काळ जाहीर व्हायचा कधी याचा वाद सुरू होतो.

इंग्रजी शब्द अधिक स्पष्ट असल्याचे उदाहरण विजेच्या क्षेत्रातून देता येते. जाळ्यातील विजेची निर्मिती मागणीपेक्षा कमी पडली की प्रवाहाची वारंवारता ठरलेल्या 50 हर्ट्झच्या खाली येऊ लागते, आणि ती फार घसरल्यास संपूर्ण जाळे कोसळू शकते. म्हणून काही भागांचा पुरवठा जाणूनबुजून तोडून जाळ्यावरचा भार उतरवला जातो. या कृतीला इंग्रजीत ‘लोडशेडिंग’ म्हणतात. झाडाने पाने झाडावीत तसा जाळ्याने भार झाडला, असा त्याचा सरळ अर्थ असून भार म्हणजे येथे ग्राहक, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. शासकीय मराठीने यासाठी घडवलेला ‘भारनियमन’ हा शब्द कानाला सुसंस्कृत वाटतो, पण ‘नियमन’ म्हणजे शिस्त लावणे असल्यामुळे तोडणे ही क्रिया त्यातून नाहीशी होते आणि बारा तासांचा अंधारही एक व्यवस्थापकीय सद्गुण भासू लागतो. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने हा शब्द रोज ऐकला, तरी लोकांच्या तोंडी राहिला तो ‘लोडशेडिंग’च. यातही एक मेख आहे. पुढे वीजगळती आणि बिलांची वसुली यांच्या प्रमाणावरून फिडरचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडून त्यानुसार अंधाराचे तास ठरवले गेले. तेव्हा कोणाला तोडायचे हे भारावरून नव्हे तर वसुलीवरून ठरत होते, आणि ते मात्र ना इंग्रजी शब्दात दिसत होते ना मराठी. ‘लाइट गेली’ या रोजच्या वाक्यात तर वीज जणू आपल्याच पायांनी निघून जाते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई महानगरात वीजपुरवठा कोलमडला, तो बिघाड होता, म्हणजे इंग्रजीत ‘आउटेज’, लोडशेडिंग नव्हे. पण बोलण्यात दोन्हींसाठी वाक्य एकच असल्याने अपघात कोणता आणि निर्णय कोणता हे ऐकणाऱ्याने ताडून घ्यायचे असते.

‘वॉटर कट’ आणि ‘पाणीकपात’ हे दोन्ही शब्द त्या मानाने निर्भीड आहेत, कारण कापणारा हात दोहोंतही आहे. त्यांचा दोष आकड्यात दडलेला असतो. दहा टक्के कपात म्हटल्यावर प्रत्येक घरी दहावा हिस्सा कमी येईल असे वाटते. प्रत्यक्षात दाब उतरला की जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा टेकडीवर राहणाऱ्यांच्या नळाला धारच येत नाही, आणि ज्यांच्याकडे मोठी टाकी व पंप आहे त्यांना कपात झाल्याचे वर्तमानपत्रातूनच कळते. ‘रेशनिंग’ हा शब्द याच ठिकाणी उपयोगी पडला असता. मुंबईत 1943 मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा त्याचा अर्थ, खिशात कितीही पैसे असले तरी प्रत्येकाला ठरलेला वाटा, असा होता. आज मराठीत ‘रेशन’ म्हणजे गरिबांचे दुकान. 1997 पासून दारिद्र्यरेषेनुसार लाभार्थी वेगळे काढले जाऊ लागल्यावर त्या अर्थाला धोरणाचाही आधार मिळाला, आणि तुटवडा सर्वांनी वाटून घ्यायचा ही कल्पना शब्दातून गळून गेली.

त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी मेली. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवण्याचा प्रयत्न केला की अन्नाच्या उपलब्धतेतील घट एवढ्यानेच त्या दुष्काळाचा उलगडा होत नाही. ग्रामीण मजुराच्या मजुरीला धान्य विकत घेण्याची ताकद उरली नव्हती, उलट कलकत्त्यातील अनेक कामगारांना स्वस्त धान्य पुरवले जात होते. सेन यांनी वापरलेल्या ‘एन्टायटलमेंट’ या शब्दाचा अर्थ, स्थूलमानाने, बाजारातली वस्तू हक्काने आपल्या ताटात आणण्याची क्षमता असा होतो. त्यांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. तरी पुरवठा आणि पोच यांतला फरक तिने पक्का केला, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता आलेले नाही.

हा फरक समोर ठेवला की दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराने 2018 च्या सुमारास वापरलेला ‘डे झीरो’ हा प्रयोग कसा पारखावा हे कळते. धरणांतील साठा 13.5 टक्क्यांवर उतरला की घरोघरचे बहुतेक नळ बंद होतील आणि प्रत्येकाला सुमारे दोनशे केंद्रांपैकी एखाद्यावर रांग लावून दिवसाला 25 लिटर पाणी न्यावे लागेल, असा त्या दोन शब्दांमागचा तपशील होता. किती, कधी, कोठे आणि कोणाच्या आदेशाने, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यात असल्याने लोकांनी वापर खरोखरच कमी केला, आणि तो दिवस पुढे ढकलत ढकलत अखेर आलाच नाही. त्याआधी दोन वर्षे, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या शहरातील नळ कधीच कोरडे पडलेले होते. तेथे मात्र शून्याचा दिवस नेमका कोणता, हे कोणी आधी जाहीर केलेले नव्हते. केपटाऊनच्या प्रयोगातही एक गट सुटलाच. तेथील झोपडवस्त्यांतील कुटुंबे सार्वजनिक नळावर रांग लावून बादलीने पाणी वर्षानुवर्षे भरतच होती, आणि ज्या दिवसाची उरलेल्या शहराने धास्ती घेतली तो त्यांच्या कॅलेंडरात रोजच होता.