रोग, फासा आणि गावाची शीव

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, मिळून कथा रचायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. त्याच्या २०१४ च्या नियमांत गटारातल्या घाणीतून जडणारी एक साथ आहे. दूषित घाणीशी संबंध आला की खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राच्या शरीरबळाचा आकडा मिळवतो. बेरीज ११ भरली तर पात्र वाचले, नाहीतर चार दिवसांच्या आत पेटके आणि थकवा. पात्र पुण्यवान की पापी, हे फासा विचारत नाही. मात्र त्याच नियमांत पॅलाडिन नावाचा धर्मवीर तिसऱ्या पातळीवर पोचला की त्याला कोणताही रोग शिवत नाही, आणि पुजारी एका मंत्राने दुसऱ्याचा रोग घालवतो. म्हणजे एकाच पुस्तकात दोन उत्तरे आहेत: रोग आंधळा आहे, आणि रोग धर्मनिष्ठाला ओळखतो. त्यातले दुसरे उत्तर मला घातक वाटते, कारण धर्मनिष्ठाला रोग होत नसेल तर ज्याला झाला त्याच्या निष्ठेबद्दल आपोआप शंका उभी राहते. कर्मविपाकाच्या नावाने आपल्याकडे ही शंका कितीतरी रोग्यांनी सोसली आहे.

वेल्ह्याचा राजगड या शंकेला सरळ उत्तर देतो. शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची राजधानी, तीन माच्या आणि वर बालेकिल्ला, माचीवर पद्मावती देवी. त्या काळी मावळातली ही अत्यंत सुरक्षित जागा. त्याच गडावर ५ सप्टेंबर १६५९ रोजी आजारपणात महाराजांच्या पत्नी सईबाई राणीसाहेब गेल्या. त्यांचे पुत्र शंभूराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. त्यांना दूध पाजायला भोरजवळच्या कापूरहोळची धाराऊ आणावी लागली होती. सईबाईंच्या निष्ठेत किंवा पुण्यात काही उणे होते, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? तटबंदीने शत्रू अडतो, आजार अडत नाही.

तरीही फासा पुरेसा नाही. तो एकेका शरीराची परीक्षा घेतो, आणि साथीचा खरा प्रश्न तिथे सुटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, नेमके हेच विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने अख्खे जनपद कसे उद्ध्वस्त होते? आत्रेयांचे उत्तर असे की वायू, पाणी, भूमी आणि काळ हे चार सगळ्यांचे सामाईक आहेत. ते बिघडले की सगळ्यांवर सारखेच येते. पुढे आत्रेय या बिघाडाचे मूळ अधर्मात सांगतात, तेव्हा फिरून पापच आले ना, असा आक्षेप निघेल. पण तिथे अधर्माची सुरुवात देशाच्या आणि नगराच्या प्रमुखांपासून होते. दोष खाटेवरच्या रोग्याचा नाही, ज्यांच्या हाती सामाईक गोष्टींची राखण आहे त्यांचा आहे. हा फरक फार मोठा आहे.

आपल्या गावांनाही हे कळले होते, म्हणून मरीआईचे ठाणे कोणाच्या घरात नसून बहुधा गावाबाहेर, शिवेकडे असते. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा, अशी चाल महाराष्ट्रात होती. संकट साऱ्या गावाचे, हे त्यात बरोबर ओळखले होते. शिवेपलीकडचे गाव परके मानले, ही त्यातली चूक. भोर-वेल्ह्याकडच्या गुंजवणी आणि वेळवंडी या दोन्ही नद्या अखेर नीरेलाच मिळतात. वरच्या गावाने पाण्यात सोडलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत येते, मग गाडा कुठेही सोडा.

कोणी म्हणेल, देवीच्या रोगात देवी अंगावर आली या श्रद्धेने रोग्याला आधार तरी दिला, फासा काय देणार? हा आक्षेप मी मनापासून मानतो. देवी आलेल्या मुलाला पापी न म्हणता देवीचे ठाणे समजून कडुलिंबाच्या पाल्यावर निजवत, घरात आवाजसुद्धा चढवत नसत. तो आदर जपावा, असेच मी म्हणेन. पण रोग गेला तो लशीने, आणि प्रत्येक रोग्याभोवतीची माणसे शोधून त्यांना ती टोचल्याने, मग ती शिवेच्या या बाजूची असोत की त्या. भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ सालचा. १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले.

खेळच तो, त्यावर एवढा भार कशाला, असेही विचारले जाईल. पण मुले तासन्‌तास ज्या जगात राहतात त्याचे नियम ती नकळत आपलेसे करतात. २०२४ च्या नव्या नियमांत पॅलाडिनचे ते कवच काढून टाकले, हे चांगले झाले. आता मावळातल्या दऱ्याखोऱ्यांवर मराठीत असा खेळ रचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: साथ पात्राच्या आकड्यात ठेवू नका, गावाच्या विहिरीत ठेवा, आणि ती उपसायला शिवेच्या दोन्ही बाजूंच्या गावांना एकत्र यावे लागेल असा नियम करा.