मुक्या जनावरांची पाळी

हल्ली काही तरुण मंडळी सुटीत परदेशी जाऊन प्राण्यांच्या उद्यानात विनावेतन सेवा करू इच्छितात. हेतू उत्तम. पण ही सेवा प्राण्याची होते की स्वतःच्या मनाची?

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन घ्या. तेथे शेख झायेद यांनी १९६८ साली प्राणिसंग्रहालय स्थापन केले. लांब शिंगांचे पांढरे अरबी ओरिक्स हरीण शिकारीपायी १९७२ च्या सुमारास रानातून नाहीसे झाले होते. बंदिस्त जागी जगवलेल्या कळपांतील जनावरे पुढे निरनिराळ्या देशांत वाळवंटात सोडली, म्हणून ते आज पुन्हा मोकळे फिरते.

कळप जगतो तो रोजच्या चाऱ्यापाण्यावर. पारा पंचेचाळिसावर गेला तरी कोणीतरी शेण काढावेच लागते. अमिरातीत अशी अंगमेहनतीची कामे बहुधा भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून घरदार सोडून आलेले मजूर करतात. ते पगार घेतात म्हणून त्यांचे पुण्य कमी, असे मला वाटत नाही. जनावराला चारल्याशिवाय धन्याने जेवू नये, असे तल्मूद सांगतो. उपाशी जनावराला चारणाऱ्याच्या पगाराशी काय करायचे आहे? कोकणातले आपले पूर्वज शनवार तेली. शब्बाथला घाणा बंद, बैलालाही विसावा. पण वैरण त्या दिवशीही लागेच!

जाणाऱ्याने जरूर जावे. मात्र पिल्लाबरोबर छायाचित्र काढून घेण्याआधी गोठा झाडण्याची पाळी मागून घ्यावी, आणि आपण परतल्यावर ती कोणाकडे जाणार, हेही विचारावे.