पटवून देण्याची घाई

हिशेबाला चोख, संसारात दक्ष आणि स्वभावाने परोपकारी असा एखादा सुशिक्षित मनुष्य जेव्हा गंभीर मुद्रेने आपल्याला सांगू लागतो की लसीच्या कुपीत भलतेच द्रव्य मिसळलेले असते, की अमुक साथ ही मुळी साथ नसून काही धनाढ्यांनी बंद दाराआड केलेली मसलत होती, आणि डॉक्टर, वर्तमानपत्रे व सरकार हे सर्व त्या मसलतीत सामील आहेत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम आश्चर्य, मग कीव आणि अखेरीस त्याला तेथल्या तेथे पुराव्यानिशी निरुत्तर करण्याची खुमखुमी उत्पन्न होते. मैत्री तोडण्याचे याहून खात्रीचे साधन मला तरी ठाऊक नाही; आणि मैत्री तुटली म्हणजे त्या मनुष्याला वळवण्याचा जो काही थोडा अधिकार आपल्याकडे होता, तोही संपुष्टात येतो.

हा विकार मोबाईलबरोबर आला असे समजण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे, कारण तिच्यामुळे सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येतो. पण आपल्या मुंबईचा इतिहास निराळी साक्ष देतो. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. 6 ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णाला त्याच्या संमतीवाचूनही इस्पितळात हलवण्याचा अधिकार देणारा जाहीरनामा काढला. आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेस सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. शहरभर कंडी पिकली होती की इस्पितळात माणसांच्या अंगातून मोमियाई नावाचे तेल काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासल्यामुळे राणी रागावली असून तिने रयतेची काळजे मागवली आहेत, असेही लोक बोलत होते.

हे वाचून आज हसू येते. परंतु त्या कामगाराच्या चाळीत क्षणभर उभे राहून पाहिले तर हसू मावळते. शेजारच्या खोलीतला धडधाकट मनुष्य तापाने पडला, सरकारी माणसे आली, जात, पडदा, सोवळे यांपैकी कशाचीही पर्वा न करता त्याला उचलून घेऊन गेली, आणि तो परत आला नाही, एवढी हकीकत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. तो परत आला नाही याचे कारण असे की घरचे लोक रुग्णाला होईल तितके दिवस लपवून ठेवीत, त्यामुळे बहुतेकांना इस्पितळ दिसे ते अगदी अखेरच्या अवस्थेत, आणि त्या काळी या रोगावर इलाज असा नव्हताच. पण हे कारण त्याला समजावून देण्याची तसदी कोणी घेतली होती? जी रिकामी जागा सरकारने स्पष्टीकरणावाचून सोडली ती मोमियाईने भरून काढली. कंडी खोटी होती, तिच्या बुडाशी असलेला अपमान खरा होता. आणि पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाल्यावर पुण्यात घरझडतीसाठी गोरे सोल्जर आणले गेले, तेव्हा तो अपमान किती खोल गेला हे 22 जून 1897 च्या रात्री तेथील प्लेग-बंदोबस्ताचे प्रमुख रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीने सर्वांना कळवले.

ज्यांना केवळ विज्ञानाच्या बळावर मित्राला जिंकायचे आहे त्यांनी याच कालखंडातील आणखी एक प्रकरण लक्षात ठेवावे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मनुष्य प्रामाणिक होता, लस उपयुक्त होती. तरीही 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतून लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यातून त्यांची निर्दोष सुटका व्हायला 1907 साल उजाडले. तात्पर्य, लसीने माणसे मेली असे त्या काळी कोणी म्हणाला असता तर तो सर्वस्वी खोटे बोलला नसता, आणि जो त्याला ‘असे कधी घडतच नाही’ म्हणून दटावता तो स्वतःच खोटा ठरता. आपल्या मित्राच्या प्रतिपादनातही असा एखादा मुल्कोवाल बहुधा असतो, आणि तो आपण आधीच कबूल केला नाही तर पुढचे आपले काहीही रुजू होत नाही.

मग लोक वळले कसे? जे वळले ते जाहीरनाम्यांनी वळले नाहीत. मुंबईतील खोजा समाज लस घ्यायला कचरत होता, तेव्हा त्यांचे तरुण इमाम तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली, आणि त्यांच्या मागोमाग त्या समाजातील हजारोंनी ती घेतली. सरकारी इस्पितळाचे नाव काढताच दारे लावून घेणारे लोक आपापल्या जातीने व समाजाने उघडलेल्या प्लेग-इस्पितळांत मात्र जाऊ लागले. पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी असेच इस्पितळ चालवले. रोग दोहोंकडे तोच होता. फरक पडला तो उशाशी बसणारा मनुष्य कोण यामुळे. मला या एका गोष्टीत सगळे सार दिसते, आणि म्हणूनच मित्राच्या हाती असे काही आहे जे सरकारच्या किंवा वर्तमानपत्राच्या हाती नाही, असे माझे मत आहे.

माझा एक शाळासोबती सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यानंतर वर्षभरातच या मसलतींच्या नादी लागला. कालपर्यंत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता त्याला आता घरात चहाही मागून घ्यावा लागे. व्हॉट्सॲपच्या मंडळीत मात्र तो गुपित जाणणारा म्हणून गणला जाई, आणि त्याने धाडलेल्या मजकुराखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागे. खंडनाचे लेख त्याच्याकडे पाठवावेत, तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की नव्याने मिळालेली ही मनसबही आपण काढून घेत आहोत. म्हणून एकदा त्याच्या घरी गेलो असता मी फक्त विचारले, ‘डॉक्टरांवरचा तुझा विश्वास उडाला केव्हा रे?’ त्यावर तो बराच वेळ बोलत राहिला: वहिनींचे आजारपण, एका खासगी रुग्णालयात एकामागून एक केलेल्या तपासण्या, कोणीही धडपणे न सांगितलेले निदान, आणि हातात पडलेले बिल. त्या संपूर्ण संध्याकाळी लसीचा विषय निघाला नाही. त्याची फिर्याद वाजवी होती, फक्त तिच्यात आरोपी भलताच उभा केला होता. आणि फिर्याद ऐकून घेतल्यावाचून आरोपी बदला असे कोणालाही सांगता येत नाही.

हे मंडळीसमोर साधत नाही. चारचौघांत चूक दाखवली की मनुष्य चुकीचे नव्हे, आपल्या अब्रूचे रक्षण करू लागतो. प्रश्न विचारावेत, पण उलटतपासणीच्या सुरात नव्हे. ज्याचे उत्तर आपल्यालाही खरोखर हवे आहे तेवढेच विचारावेत. शक्य तेथे गोष्ट त्याच्याच हाती द्यावी. 1995 च्या 21 सप्टेंबरला गणपती दूध पितो म्हणून देवळांसमोर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवले. पृष्ठताणाचा नियम सांगण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, कारण नियमाचे नाव ऐकणाऱ्याला समोरच्याची विद्वत्ता तेवढी दिसते, तर ज्याच्या हाती चमचा आहे त्याला दूध दिसते. आमच्याकडील काही पुरोगामी मंडळींना ही सबुरी म्हणजे तडजोड वाटते, आणि अंधश्रद्धेची टवाळी केल्यावाचून आपले विवेकवादीपण सिद्ध होत नाही असा त्यांचा ग्रह असतो. टवाळीने श्रोते खूश होतात हे खरे; ज्याची टवाळी होते तो आपल्या गटात अधिक घट्ट जाऊन बसतो, हेही तितकेच खरे.

सबुरीलाही मात्र सीमा आहे, आणि तेथे माझे मत कठोर आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना, ते मुले पळवणारे आहेत अशा अफवेवरून, जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले होते, तेथेही त्यांचा जीव वाचला नाही. असा मजकूर मित्राकडून आला तर त्याच्या मनातील दुःखाचा शोध घेत बसायला सवड नसते. त्याच घटकेला, त्याच मंडळीत, ‘हे खोटे आहे, पुढे पाठवू नकोस’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याचा रोष पत्करावा. एखाद्याचा जीव, एखाद्या मुलाची लस किंवा एखाद्या रुग्णाचे उपचार पणाला लागलेले असतील तर मैत्रीचा संकोच दुय्यम आहे.

एरवी घाई नको, आणि विजयाची अपेक्षा तर नकोच. माझ्या सोबत्याने आपले मत बदलल्याचे आजतागायत मला सांगितलेले नाही, आणि मीही त्याबद्दल त्याची कैफियत मागितलेली नाही. मागच्या पावसाळ्यात त्याने सहज विचारल्यासारखे करून फ्लूची लस कोठे टोचून मिळते असे विचारले, तेव्हा मी पत्ता सांगितला आणि नंतर आम्ही पावसावर बोललो. ‘मग आता पटले का?’ हा प्रश्न जिभेवर आला नव्हता असे नाही.

हे वाचताना ज्यांच्या मनात एखादे नाव येऊन गेले असेल त्यांना एवढीच विनंती, की त्याच्या पुढच्या संदेशाला लेखी उत्तर न देता या दिवाळीत फराळाला म्हणून त्याच्या घरी जावे, एकट्याने जावे, आणि पहिला तासभर त्यालाच बोलू द्यावे.